मंडळांची सुबत्ता

2016 चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम मोठा दिलदार आहे. अधिसभा, व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, अभ्यासमंडळं. शिवाय नवोपक्रमासाठी वेगळं मंडळ! अमरावती विद्यापीठालाही हे सगळं लागू. चणचण फक्त प्राध्यापकांची. ती तासिका तत्त्वावरच्या मास्तरांवर भागते. त्यांनी तास मोजायचे, मान्यवरांनी हरकतीचे मुद्दे.

इकडे याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या फुलसावंगी गावात आठवीतून शाळा सुटलेल्या एका तरुण कारागिराने व्हिडिओ बघून हेलिकॉप्टर बांधलं. ऑगस्ट 2021 मध्ये चाचणीतच पातं तुटून त्याचा जीव गेला. सुरक्षित चाचणी कशी घ्यावी, हे सांगणारा कुणी त्याच्याजवळ नव्हता.

तर सन्माननीय सदस्यहो, नवोपक्रमावर पुढचा ठराव मांडण्याआधी एकदा फुलसावंगीची एसटी पकडा. प्रवासभत्ता मिळेलच.