पेटी कुणापुढे?

आमच्या मेहकरात एका भजनी मंडळाची पेटी गेल्या कार्तिकात हात बदलून गेली. तीस-पस्तीस वर्षं ती एकाच बुवांपुढे असायची. त्यांच्या डाव्या हाताखाली भात्याचं लाकूड झिजून गुळगुळीत झालंय, आणि मधल्या सप्तकातल्या दोन पट्ट्यांवरचा पांढरा रंगही उडालाय. एकादशीच्या रात्री पहिला अभंग संपला, बुवांनी पेटी उचलली आणि शेजारच्या विशीतल्या पोरापुढे सरकवली. म्हणाले, "घे रे बापू, आता तूच वाजव. मी टाळ धरतो." टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले. पोर रडवेलं झालं होतं. दुसरा अभंग लगेच सुरू झाला.

मुंबईतल्या टोलेजंग करमणूक कंपन्यांच्या मालकांना ती रात्र दाखवायला हवी होती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

'झी'चंच घ्या. १९९२ साली सुभाष चंद्रांनी सुरू केलेली ही कंपनी. तिची मराठी वाहिनी आमच्याकडे संध्याकाळी सातनंतर घराघरांत लागलेली असते. सोनीबरोबर तिचं विलीनीकरण व्हायचं ठरलं होतं. डिसेंबर २०२१ मध्ये करार झाला, दोन वर्षं परवानग्या गोळा करण्यात गेली आणि २२ जानेवारी २०२४ ला सोनीने करार मोडला. एकत्रित कंपनीचा प्रमुख कोण, चंद्रांचे चिरंजीव पुनीत गोएंका की दुसरं कुणी, यावरून घोडं अडल्याच्या बातम्या तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भागधारकांनी गोएंकांची संचालक म्हणून फेरनेमणूक नाकारली. कंपनी घराण्याने उभारली खरी, पण घराण्याकडे भाग उरले होते जेमतेम चार टक्के. चार टक्क्यांवर गादी वारशाने चालत नाही, हे कुणीतरी आधीच बसून बोलायला हवं होतं. बोललं गेलं नाही, म्हणून ते मतपेटीतून ऐकावं लागलं.

करमणुकीच्या धंद्यात दोन पेट्या असतात. एक वाजवायची, एक गल्ल्याची. वारसाची चर्चा निघाली की सगळे गल्ल्याच्या पेटीकडे बघतात. भाग कुणाकडे, सही कुणाची, खुर्ची कुणाची. वाजवायची पेटी कुणापुढे सरकवायची, म्हणजे हे नाटक करायचं आणि ते नाही, हा गळा घ्यायचा आणि तो नाही, हे ठरवणारा कान कुणाचा, हा प्रश्न कागदावर येतच नाही. माझं भांडण आहे ते इथे.

मराठी माणसाने हा खेळ दीडशे वर्षांत भरपूर पाहिलाय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं आणि पाच वर्षांनी, बेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. त्यांची नाटक मंडळी तिथेच बुडायला हवी होती. बुडाली नाही, कारण भाऊराव कोल्हटकरांचा गळा होता आणि गोविंद बल्लाळ देवल तालमी घेत होते. १८९९ मध्ये 'शारदा' आली ती याच मंडळीकडून. म्हणजे कान जागेवर होता. १९०१ मध्ये भाऊराव गेले, तेव्हाही मंडळी सावरली. १९११ मध्ये मंडळीतले नट नानासाहेब जोगळेकर गेले आणि यावेळी मात्र घर फुटलं. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले, गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. पुढे पाच वर्षांनी मास्टर दीनानाथांनीही वेगळी चूल मांडली. पाटी किर्लोस्करांचीच राहिली, पण लोक गाण्यामागे गेले. नवीन घरातही तीच चूक: टेंबे बाहेर पडले, बोडस बाहेर पडले, आणि अख्खी गंधर्व मंडळी एका माणसाच्या गळ्यावर उभी राहिली. तो गळा थकल्यावर काय, याचं उत्तर कुणी शोधून ठेवलं नव्हतं. कर्ज तेवढं शिल्लक राहिलं.

प्रभातचं दुःख वेगळं. १ जून १९२९ ला कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी अशा पाच जणांनी ही चित्रपट कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्यात आली. 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माणूस', 'शेजारी'. इतक्या थोड्या वर्षांत इतकं काम करणारी कंपनी मला दुसरी ठाऊक नाही. पण पाचांत पहिला कोण आणि त्याच्यामागे कोण, हे कधी नीट ठरलं नाही. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल उभं केलं. मागे राहिलेल्यांनी 'रामशास्त्री' काढला आणि उत्तम काढला, हेही सांगायला हवं. पण १९४५ मध्ये दामलेमामा गेले. मग आठ-दहा वर्षांत पडद्यावरची ती प्रभातची तुतारी बंद. आज त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. १९६० पासून तिथे देशभरातली पोरं सिनेमा शिकतायत. जागेला वारस मिळाला, कंपनीला मिळाला नाही.

आता ललितकलादर्श. हे मला सविस्तर सांगायचंय, कारण हे एकच उदाहरण असं आहे की जे वाचून छाती भरून येते.

केशवराव भोसल्यांनी ती नाटक मंडळी १ जानेवारी १९०८ ला हुबळीत काढली. वय तेव्हा सतरा. जुलै १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' झालं, आणि तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. एकतीस वर्षांचे होते. कंपनी म्हणजे केशवरावांचा आवाज, असं तोवर सगळे धरून चालले होते. सूत्रं आली बापूराव पेंढारकरांकडे. ना रक्ताचं नातं, ना घराण्याचा हक्क. मंडळीतलाच माणूस, तालमीत मुरलेला. बापूरावांनी केशवरावांची नक्कल करायची नाही हे ओळखलं. दुसऱ्याच वर्षी त्यांनी मामा वरेरकरांचं 'सत्तेचे गुलाम' काढलं. राजे-राण्यांऐवजी आजची माणसं आणि रंगलेल्या पडद्यांऐवजी पु. श्री. काळ्यांनी उभं केलेलं खरंखुरं घर. मालक गेल्याच्या दुसऱ्या वर्षी असा जुगार खेळायला काळीज लागतं. नव्या वारसाला जुनंच चालवायला सांगितलं असतं, तर ललितकलादर्श १९२५ पाहती ना.

१९३७ मध्ये बापूरावही गेले. मंडळी थांबली. मुलगा भालचंद्र पंधरा वर्षांचा. त्याच्या नावावर पाटी आली असती, पण पाटीचं काय करायचं? तो वझेबुवांकडे गाणं शिकायला बसला. रामकृष्णबुवा वझे, ज्यांनी याच मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या होत्या. आधी कान, मग खुर्ची. १९४२ मध्ये त्याने ललितकलादर्श पुन्हा उभी केली. ते वर्ष लक्षात घ्या. त्याच वर्षी प्रभात फुटली. 'दुरितांचे तिमिर जावो' १९५७ मध्ये, 'पंडितराज जगन्नाथ' १९६० मध्ये. भालचंद्रांनी, म्हणजे अण्णांनी, जुन्या नाटकांची ध्वनिमुद्रणं टेपांवर जपून ठेवली, ती पुढच्यांना ऐकता यावीत म्हणून. २०१५ मध्ये ते गेले, तोपर्यंत मंडळीने शंभरी ओलांडली होती.

मेहकरचा यात काय संबंध, असं विचाराल. आहे. ना. घ. देशपांडे आमच्या गावचे, इथेच वकिली केली, इथूनच कविता लिहिल्या. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी नावाच्या तरुणाने चाल लावून गायली. १९३२ च्या सुमारास एच.एम.व्ही.ने तिची तबकडी काढली आणि ती महाराष्ट्रभर वाजली. मेहकरसारख्या आडगावातल्या कवीचे शब्द तबकड्यांच्या कंपनीपर्यंत पोचले ते एका गाणाऱ्याने ऐकले म्हणून. पुढचं जास्त महत्त्वाचं: १९३८ मध्ये त्याच जोशींना एच.एम.व्ही.ने ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी नोकरीत घेतलं. कंपनी साहेबांची, हिशेब साहेबांचा. पण कोणाला माइकसमोर बसवायचं, हे ठरवायला त्यांनी गाणारा माणूस बसवला. १९६७ ची शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रांची ती गाजलेली ध्वनिमुद्रिका 'कॉल ऑफ द व्हॅली' जोशींनीच घडवली. गल्ल्याच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडे कधीच नव्हती, आणि तिची त्यांना गरजही पडली नाही.

याच्या उलट अमेरिकेत. बॉब आयगर २००५ मध्ये डिस्नेचे प्रमुख झाले. निवृत्ती जाहीर करायची, पुन्हा पुढे ढकलायची, असं बऱ्याचदा झालं. शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये बॉब चापेक आले. ते उद्यानांचा आणि मालविक्रीचा विभाग सांभाळणारे. सिनेमांची दोरी आयगरांनी पुढे जवळजवळ दोन वर्षं स्वतःच्याच हाती ठेवली. महासाथीने उद्यानं बंद पडली, हे चापेकांचं दुर्दैव. पण पेटी समोर ठेवायची आणि भाता आपल्याच हातात धरायचा, यात कोण काय वाजवणार? नोव्हेंबर २०२२ मध्ये चापेक घरी गेले, आयगर परत आले. हा त्यांचा विजय म्हणून लिहिला गेला. मला तो त्यांच्या पंधरा वर्षांच्या कारभारातला सगळ्यात मोठा पराभव वाटतो.

म्हणून आमच्या मालकांना थेट विचारतो. तुमच्या वाहिनीवर उद्या कोणती मालिका लागणार, हे ठरवणारा कान तुमच्यानंतर कुणाचा? त्याचं नाव तुम्ही कुणाला सांगितलंय? त्याला एखादी मालिका त्याच्या मनाने करू दिलीय, आपटू दिलीय? मेहकरमधली बाई रात्री भांडी घासून टीव्हीसमोर बसते, ती भागांची टक्केवारी विचारत नाही. गोष्ट ढिली पडली की तिला तिसऱ्या दिवशी कळतं, आणि ती वाहिनी बदलते.

परवा पुन्हा एकादशी होती. गवळणीच्या मध्यात पोराचं बोट चुकलं, सूर फाटला. सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. बुवा डोळे मिटून टाळ वाजवत होते. पोराने दोन मात्रा सोडल्या, पट्टी सापडली, आणि गवळण पुढे गेली.