आव्याचे मामा

वऱ्हाडात पाच कुंभार घरांचा मिळून माठ भाजायचा आवा रचायचा ठरला की तीन गोष्टी जमतात : पऱ्हाट्या, गोवऱ्या आणि मामा. पहिल्या दोन आणाव्या लागतात.

हे मामा कुणाचेच सख्खे मामा नसतात. चाकावरून त्यांचा हात उठून बरीच वर्षं झालेली असतात. उरलेला असतो तो अनुभव, आणि तो वाटल्याशिवाय त्यांना भाकर गोड लागत नाही. अकोल्याकडचे असोत की अमरावतीकडचे, त्यांची बैठक ठरलेली : जिथून आवा दिसतो पण धूर येत नाही असा कडुनिंब.

"काऊन बे, हा माठ वायला म्हनतं तू?" इथून सुरुवात. मग माठाचं बूड गालाला लावायचं. गार लागलं तर आत ओल आहे. यात मामा शंभर टक्के बरोबर असतात, हीच तर पंचाईत. एप्रिलच्या उन्हात माठाचं पोट झटकन वाळतं, पण जाड बुडात पाणी दडून बसतं. आच लागली की त्याची वाफ होते आणि माठ फुटतो, तोही शेजारचे दोन सोबत घेऊन. मामा गालावर थांबत नाहीत. बोटानं टकटक करून कान लावतात, आणि तोंड असं करतात की तेरच्या गोरोबाकाकांनी आपलं थापटणं थेट यांच्याच हाती दिलं असावं. ज्या थापटण्यानं नामदेवांना कच्चं ठरवलं, तिथं या पोराच्या माठाची काय कथा?

खरी रंगत रचताना येते. घरं पाच, पण आव्याला मध्य एकच. मधल्या माठांना आच सारखी लागते, ते लाल निघतात. कडेचे वाऱ्यानं कच्चे राहतात, नाहीतर धूर कोंडून काळे पडतात. आणि अक्षय्य तृतीया तोंडावर. पितरांच्या नावानं घरोघरी घागर भरायची असते, पण काळवंडलेली घागर गिऱ्हाईक दोनदा वाजवून खाली ठेवतं. म्हणून जागेवरून जी जुंपते, ती शेताच्या धुऱ्यावरूनही जुंपत नसेल. मामा निवाडा करतात. "याचे वरतं ठेवा, त्याचे वाऱ्याच्या आडोशाले." तोवर त्यांच्या घरचे माठ मधात जाऊन बसलेले असतात. कोणी ठेवले, ते कोणालाच दिसलेलं नसतं. विचारलंच तर, "अरे, मधात जोखीम जास्त. ते मी घेतली."

जळणावर त्यांचं वेगळं व्याख्यान असतं. बोंडअळीपायी कपाशीची फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या वेळेवर उपटा, असं अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगतं. हा सल्ला आपल्याला विचारून दिला, असं मामांचं मत. पण शेतकऱ्यानं रोटाव्हेटर फिरवून पऱ्हाट्या शेतातच बारीक केल्या की तेच विद्यापीठ 'काई कामाचं नाई'. मग बाभळीचं लाकूड विकत आणायचं, म्हणजे वर्गणी. केसाएवढा तडा ज्या कानांना ऐकू येतो, त्यांना वर्गणी हा शब्द ऐकू येत नाही.

एखादं पोरगं मोबाईल पाहून सांगतं, "मामा, आत 700-800 अंश पाहिजेत." "अंश कायले मोजतं? आतला रंग पाय!" तेच पोरगं पुढे म्हणतं की आता घरोघरी फ्रिज आलेत. मामा याचीच वाट पाहत असतात. "गाडग्यावरून ज्याचं नाव पडलं, त्या गाडगेबाबाच्या नावानं अमरावतीत विद्यापीठ हाय. फ्रिजच्या नावाचं दाखव एखादं!" पोरगं गप्प.

तरी मामांशिवाय आवा पेटत नाही. त्याचं कारण त्यांचा अनुभव आहे, असं मला वाटत नाही. पाच घरांचा माल एका आगीत गेला की काही फुटणारच, आणि फुटल्यावर पाच घरांनी एकमेकांना शिव्या देण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून एकाला देणं स्वस्त पडतं. मामांना हे ठाऊक असावं. शिव्या ऐकताना ते शांतपणे तंबाखू मळत असतात.

आवा निवल्यावर खापऱ्या बाजूला होतात, राख उपसली जाते. कडेचे माठ यंदा बरे निघालेले असतात. मग कोणीतरी हळूच सांगतं, "मामा, तुमच्या मधातल्या माठाले तडा गेला."

मामा उठून उभे राहतात. "मधात कोनं ठेवला होता बे?"