गडी-विनिमयाची कलमे

प्रस्तुत मार्गदर्शिका लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिला, असे सुज्ञ वाचक विचारील. त्याचे उत्तर असे की, २०२४ च्या श्रावणात, हंगामाच्या ऐन मध्यावर, निकोलस पूरन देऊन मयंक यादव घेणारा लखनौ शहरातील एकमेव गृहस्थ मी आहे. हा व्यवहार ज्या वहीत नोंदला आहे ती वही आमच्या मेहुण्यांच्या ताब्यात असून, त्यांच्याकडे पाहुणे आले म्हणजे चहाच्या आधी ती पाहुण्यांपुढे ठेवली जाते.

खेळाची कैफियत थोडक्यात सांगतो. हॅल रिचमन नामक एका अमेरिकन तरुणाने १९६१ साली ‘स्ट्रॅट-ओ-मॅटिक’ हा बेसबॉलचा बैठा खेळ विक्रीस काढला. त्यात मैदानाऐवजी पुठ्ठ्याची पत्रके आणि फासे असतात, आणि प्रत्येक खऱ्या खेळाडूने गतवर्षी जे केले त्याच्या प्रमाणात त्याच्या पत्रकावर यशापयशाच्या ओळी छापलेल्या असतात. मेहुण्यांच्या चिरंजिवांनी तो खेळ अमेरिकेहून येताना आणला, आणि बेसबॉलात यत्किंचितही गम्य नसलेल्या चार पेन्शनरांनी त्याचे क्रिकेटात रूपांतर केले. पांढरा फासा एक ते तीन पडला तर फलंदाजाचे पत्रक पाहायचे, चार ते सहा पडला तर गोलंदाजाचे. दोन तांबड्या फाशांची बेरीज म्हणजे त्या पत्रकावरील ओळ. गडी आयपीएलचे, संघ चार, प्रत्येकाचे सामने चौदा, आणि सात सामने झाल्यावर अदलाबदलीची मुदत सुरू. पणाला पैसा नसतो, मलईमक्खन असते. २०२५ च्या ऑगस्टात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, तेव्हा आमच्यातले वकीलसाहेब त्या कायद्याची प्रत घेऊन आले आणि आमचा खेळ ऑनलाइनही नाही व पैशांचाही नाही, असा निर्वाळा त्यांनी पाऊण तासात दिला.

कलम पहिले. पेटलेला गडी विकावा, विझलेला घ्यावा. हे वाचण्यास सोपे आणि आचरण्यास महाकठीण आहे. मैदानावरच्या क्रिकेटात ‘फॉर्म’ नावाची वस्तू असेलही. फाशांच्या लीगमध्ये ती संभवत नाही, कारण गड्याचे पत्रक हंगामारंभी एकदाच कायम होते, आणि त्यानंतर त्याने लागोपाठ तीन अर्धशतके काढली तरी तो पराक्रम त्याचा नसून फाशांचा असतो, ज्यांना काल काय पडले याचे स्मरण नसते. हे तत्त्व मी आमच्या तबलावादक स्नेह्यांना समजावून सांगितले असता ते म्हणाले, ‘मग मी समेवर टाकतो तेव्हाच षटकार का पडतो?’ यावर शास्त्राकडे उत्तर नाही. मेहुण्यांचे मात्र या कलमावर असे प्रभुत्व आहे की, माझा गडी तीनदा शून्यावर बाद झाला की त्यांचा सांत्वनाचा फोन येतो. ज्या दिवशी सांत्वन येईल त्या दिवशी तो गडी प्राण गेला तरी देऊ नये, हे याचे उपकलम.

कलम दुसरे. पत्रकाचे मस्तक पाहू नये, पोट पाहावे. दोन फाशांच्या छत्तीस मेळांपैकी सात ही बेरीज सहा मेळांत पडते, दोन आणि बारा प्रत्येकी एकातच; म्हणून सातच्या ओळीवरील षटकार हा बाराच्या ओळीवरील षटकाराच्या सहापट मोलाचा. सहा, सात आणि आठ या तीन ओळी मिळून छत्तिसांत सोळा मेळ खातात. विक्रेता पत्रक पुढे धरताना अंगठा नेमका या तीन ओळींवर ठेवतो. अंगठा उचलावयास सांगण्यात कसलाही अविनय नाही, असे मला आता वाटते. पूर्वी वाटत नसे.

कलम तिसरे, आणि हे सोन्याच्या अक्षरांनी लिहिण्याजोगे : गड्याची शिल्लक तपासावी. प्रत्यक्ष आयपीएलात जो जितके सामने खेळला तितकेच त्याने आमच्याकडे खेळावे, असा आमचा नियम आहे. नाहीतर दोन सामन्यांत चमकून गेलेला एखादा पोर अख्खा हंगाम जगज्जेता म्हणून मिरवेल. मयंक यादव ३० मार्च २०२४ रोजी इथल्याच इकाना मैदानावर पदार्पणात ताशी १५५.८ किलोमीटर वेगाने चेंडू टाकत होता, पंजाबचे तीन गडी त्याने टिपले, आणि त्या संध्याकाळी प्रेक्षकांत मी होतो. पुढल्या सामन्यात बंगळूरविरुद्ध चौदा धावांत पुन्हा तीन. त्यानंतर दुखापत, त्या वर्षी एकूण सामने चारच. साहजिकच त्याचे पत्रक असे उतरले की सातच्या ओळीवर बळी, सहाच्या ओळीवर बळी, आणि ते हातात घेतले की बोटांना ऊब लागावी. श्रावणातल्या एका शनिवारी मेहुणे ते पत्रक घेऊन आमच्या ओट्यावर बसले आणि म्हणाले, ‘भाऊजी, शहर आपलं, मैदान आपलं, पोराला पाहिलंत आपण डोळ्यांदेखत. तो माझ्याकडे राहावा हे मलाच शोभत नाही. मी त्याला ठेवणारा कोण?’

वर्षभरात ४९९ धावा काढणारा, चौदाच्या चौदा सामन्यांना उपलब्ध असलेला पूरन मी त्यांच्या स्वाधीन केला. सही झाली, चहा झाला, मेहुण्यांनी त्यांच्या ताईच्या, म्हणजे आमच्या सौ.च्या, हातच्या साबुदाणावड्यांची तारीफ केली. रात्री ताळेबंद उघडून पाहतो तो मयंकच्या नावापुढे चार रेघा. चारही सामने मेहुण्यांनी हंगामाच्या पूर्वार्धातच खेळवून घेतले होते. मी विकत घेतला होता तो गोलंदाज नव्हे, गोलंदाजाचा दाखला होता. आयपीएलवाल्यांनी हंगामाच्या मध्यावरची अदलाबदल २०२० साली अमिरातीत खुली केली, तेव्हा तोवर दोनपेक्षा अधिक सामने खेळलेल्या गड्याला ती बंद ठेवली होती. असे शहाणपणाचे बंधन आमच्या नियमावलीत का नाही, हे तपासता असे निष्पन्न झाले की नियमावलीचा मसुदा मेहुण्यांचा आहे.

मुदतीची हरकत घेऊन करार रद्द करावा म्हणून मी वकीलसाहेबांकडे गेलो. मुदत ‘श्रावणअखेर’ अशी लिहिलेली होती. आता उत्तरेकडचा सावन राखीपौर्णिमेला संपतो, आणि आपला श्रावण त्याच्या पंधरा दिवस आधी सुरू होऊन पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतो. करार राखीनंतरचा, तेव्हा तो मुदतबाह्य, असा माझा युक्तिवाद. मेहुण्यांची तिसरी पिढी लखनौत. भाजीवाल्याशी, डॉक्टरांशी आणि देवाशीही ते हिंदीत बोलतात. परंतु त्या दिवशी त्यांनी खिशातून ‘कालनिर्णय’ची घडी काढली आणि शुद्ध मराठीत म्हणाले, ‘आपण महाराष्ट्रातले ना, भाऊजी?’

कलम चौथे. एकाच्या बदल्यात दोन देऊ करणाऱ्यापासून दूर राहावे. खेळतात अकराच, बारावा ओट्यावर बसून मटारच सोलणार.

कलम पाचवे. गडी किती चांगला हे विचारू नये, तो कोणाच्या जागी येणार हे विचारावे. ज्याच्याकडे तीन सलामीवीर आहेत त्याने चौथा, कितीही गुणी असला तरी, घेणे म्हणजे घरात दोन पाटे असता तिसरा आणणे. आणि तुलना नावांची न करता जागांची करावी. आपल्या शहराच्या संघाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आवेश खान राजस्थानला दिला आणि देवदत्त पडिक्कल घेतला. कागदावर दोघेही तोलामोलाचे, एक दहा कोटींचा, दुसरा पावणेआठांचा. पण पुढल्या हंगामात आवेशने तिकडे १९ बळी घेतले, आणि पडिक्कलने इथे सात सामन्यांत मिळून ३८ धावा केल्या. पुढे लिलावात पावणेदहा कोटी मोजून त्याच आवेशला परत आणावे लागले. ही हकीकत मी मेहुण्यांपुढे नेहमी काढतो, कारण मोठमोठ्या धनवंतांचेही असे होते, हे ऐकून त्यांनी वही मिटावी अशी माझी अपेक्षा असते. ते मिटत नाहीत. या चर्चेत तबलावादक स्नेही मात्र दरवेळी एकच मुद्दा मांडतात : भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज काढले आणि १९२८ साली श्रीकृष्ण रातंजनकरांना त्याचे प्राचार्य म्हणून आणले, त्या सौद्यात लखनौने बदल्यात कोण दिला ते सांगा. कोणी सांगू शकत नाही.

कलम सहावे उद्याविषयी. बेसबॉलच्या इतिहासात दोन सौदे फजितीचे नमुने म्हणून सांगितले जातात. १५ जून १९६४ रोजी शिकागोने लू ब्रॉक हा तरुण गडी सेंट लुईसला दिला आणि बदल्यात मुख्यतः अर्नी ब्रॉग्लिओ हा चेंडूफेक्या घेतला, ज्याने आदल्या वर्षी अठरा सामने जिंकून दिले होते. ब्रॉग्लिओचा हात दुखावलेला निघाला. ब्रॉकच्या नव्या संघाने त्याच वर्षी जागतिक मालिका जिंकली आणि त्याने स्वतः कारकिर्दीत ९३८ तळ चोरले. दुसरा सौदा १२ ऑगस्ट १९८७ चा : डेट्रॉइटने वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटाला देऊन छत्तीस वर्षांचा डॉयल अलेक्झांडर घेतला. स्मोल्ट्झ पुढे २१३ सामने जिंकला आणि २०१५ साली कीर्तिमंदिरात गेला, म्हणून डेट्रॉइटला आजवर हसतात. परंतु अलेक्झांडरने त्या उरलेल्या हंगामात नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि डेट्रॉइट आपल्या गटात पहिले आले, हे हसणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. आमच्या लीगमध्ये हंगाम संपला की सर्व पत्रके रद्दीत जातात. तिथे उद्या नाही, वय नाही, होतकरूपणाला दर नाही; तेव्हा ब्रॉकचा सौदा आमच्याही नियमांनी मूर्खपणाचा ठरला असता, कारण तो त्याच वर्षी फळला, पण अलेक्झांडर मात्र मी डोळे झाकून घेतला असता. सत्तरी ओलांडलेल्या चौघांच्या लीगला हेच धोरण सोयीचे पडते.

कलम सातवे. जेवणानंतर करार करू नये.

कलम आठवे : भाव प्रथम बोलू नये. या शहरात ‘पहले आप’ हे सौजन्य म्हणून प्रसिद्ध आहे. बाहेरच्या लोकांना त्याची गंमत वाटते आणि आगगाडी चुकलेल्या दोन नवाबांची गोष्ट ते एकमेकांस सांगतात. माझ्या मते त्या नवाबांपैकी एकाला तरी ती गाडी चुकवायचीच असावी. ज्याने आधी मागणी सांगितली त्याची गरज उघडी पडते, एवढा साधा व्यापारी हिशेब या आदबीत दडलेला आहे. आणि दोन्ही पक्ष लखनौचे असले म्हणजे पहिली संध्याकाळ हवामानावर, दुसरी गुडघ्यांवर आणि तिसरी मुलांच्या परदेशातील घरभाड्यावर जाते. शरर यांनी जुन्या लखनौचे वर्णन करताना बटेरबाजी आणि कबुतरबाजी यांवर पानेच्या पाने खर्च केली आहेत; शत्रूच्या पक्ष्याची परीक्षा करताना आपला चेहरा कसा ठेवावा, हे ते लोक जाणत असणार. माझा चेहरा मला दगा देतो. हवा असलेला गडी समोर आला की माझे कान लाल होतात, असे ताई म्हणतात, आणि ही माहिती त्यांनी आपल्या बंधूंना दिलेली आहे.

एक अपवाद नोंदवून ठेवतो, त्याला कलम म्हणता येणार नाही. अजिंक्य रहाणे यांचे पत्रक कोणत्याही मोबदल्यात देऊ नये. त्याच्या पोटात काय आहे, शिल्लक किती, कोणाच्या जागी, हे काहीही पाहू नये. मेहुणे दरवर्षी मुदतीच्या पहिल्या दिवशी त्याची मागणी करतात, दरवर्षी पूर्वीपेक्षा चांगला गडी देऊ करतात, आणि मी नकार दिला की समाधानाने सुपारी कातरू लागतात. मला वाटते त्यांना रहाणे नकोच आहे.

२०२५ च्या पावसाळ्यात मेहुण्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी फाशांवरचे ठिपके मोजण्यास मनाई केली, त्यामुळे लीग दिवाळीनंतर सुरू झाली आणि अदलाबदलीची मुदत नोव्हेंबरच्या मध्यावर आली. त्याच आठवड्यात खऱ्या आयपीएलचे व्यवहार जाहीर झाले : आपला शार्दूल ठाकूर दोन कोटींना मुंबईकडे गेला, आणि मुंबईचा अर्जुन तेंडुलकर तीस लाखांना लखनौकडे आला. संध्याकाळी मेहुणे गडद चष्मा लावून ओट्यावर हजर. माझ्याकडे शार्दूलचे पत्रक होते : वर्षात दहा सामने, तेरा बळी, आणि दहापैकी चार सामने अजून शिल्लक. ‘वस्तुस्थितीचा मान राखला पाहिजे, भाऊजी,’ ते म्हणाले, ‘शार्दूल मला द्या, तेंडुलकर आपण घ्या.’

मी ताळेबंद काढला. सोन्याच्या अक्षरांचे कलम तिसरे मी आता झोपेतही पाळतो. २०२५ च्या हंगामात अर्जुन एकही सामना खेळलेला नव्हता. शिल्लक शून्य, किंबहुना त्याचे पत्रकच छापता येत नव्हते. मेहुण्यांनी एक कोरा पुठ्ठा बरोबर कापून आणला होता, त्याच्या माथ्यावर जाड शाईने ‘तेंडुलकर’ लिहिले होते, आणि पोटात, सहा-सात-आठच्या ओळींवर, काहीही नव्हते. अंगठा ठेवण्याचीसुद्धा त्यांनी तसदी घेतली नव्हती.

माझे कान लाल झाले असावेत, कारण आतून ताई हसल्याचे ऐकू आले. मी सही केली आणि तो पुठ्ठा रहाणेच्या पत्रकाशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, धुके विरण्याच्या आत, मेहुण्यांकडचा पोऱ्या मलईमक्खनाचे दोन कुल्हड घेऊन आला. हंगाम संपलेला नव्हता, पैज कोणी हरलेले नव्हते, तेव्हा ते कोणत्या खात्यावर जमा धरावे, असा प्रश्न पडला. मी माझी वही उघडून कालच्या नोंदीखाली लिहिले : इसार पोचला.