सदर इसम सहानंतर कुठे असतो

सहकाऱ्याची ऑफिसबाहेरची ओळख करून घेण्याबाबतचं प्रस्तुत मार्गदर्शन इंदूर नगर निगमाच्या हद्दीपुरतंच लागू आहे. पुण्यात त्याचा प्रयोग करू नये. तिथे शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं आडनाव आणि त्याचा बसथांबा एवढी माहिती निवृत्तीपर्यंत पुरते, त्यापुढची चौकशी आगाऊपणात मोडते. मुंबईत हे काम लोकलचा डबा परस्पर करून टाकतो. इंदुरात मात्र बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला रीतसर पद्धतीची गरज पडते. कारण इथला सहकारी दहा ते सहा या वेळेत फक्त तीन वाक्यं बोलतो : ‘हो जी’, ‘करून देतो’ आणि ‘सर्व्हर बंद आहे’. एवढ्या सामग्रीवरून कोणाचाही स्वभाव ठरवता येत नाही. पोलिसी कागदपत्रांच्या परंपरेला अनुसरून या सहकाऱ्याला आपण ‘सदर इसम’ म्हणू.

पहिली दक्षता : काही विचारू नका. ‘रविवारी काय करता?’ असं विचारलंत तर ‘काही नाही, बस, घरीच’ हे उत्तर मिळेल. ते साफ खोटं असतं. रविवारी इंदुरात कोणी घरी नसतं. अर्धं शहर पातालपाणी किंवा चोरलच्या रस्त्यावर असतं आणि उरलेलं अर्धं पोह्यांसमोर उभं असतं.

तेव्हा सुरुवात पोह्यांपासून करावी. सकाळी रिकाम्या पोटी निघावं. घरून दोन बिस्किटं खाऊन आलेला माणूस इथे ताबडतोब ओळखला जातो आणि त्याच्याबद्दलचं मत कायमचं बनतं. इंदुरी पोहे वाफेवर गरम राहतात, त्यात बडीशेप असते, वरून शेव, कांदा आणि जीरावण. सोबत जिलेबी. इथे नारळाचा विषय काढू नये. ‘आमच्याकडे ओलं खोबरं घालतात’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं, की सदर इसमाच्या चेहऱ्यावर सहानुभूती पसरते आणि तपास सहा महिने मागे जातो. पोहे मराठ्यांबरोबरच माळव्यात आले असं मराठी माणसं सांगतात. तो दावाही खिशात ठेवावा. चुलत्याच्या घरी जाऊन ‘ही जमीन मूळ आमची’ म्हणू नये.

निरीक्षण करायचं ते दुसरंच. सदर इसम गाडीजवळ पोचताच पोहेवाला न विचारता त्याच्या कागदावर जीरावण दुप्पट टाकतो आणि मान वर न करता म्हणतो, ‘भिया, बिटियाचा रिझल्ट काय लागला?’ ऑफिसात तुम्ही त्याच्याशेजारी आठ महिने बसलात. त्याला मुलगी आहे हे तुम्हाला आत्ता कळलं. पर्सोनेल विभागाकडे त्याचं आधार कार्ड आहे, रक्तगट आहे, वारसाचं नाव आहे. पोहेवाल्याकडे उरलेला माणूस आहे. शक्य असेल तर आपला बायोडेटाही पोहेवाल्याकडेच जमा करावा. खरं तर तो त्याच्याकडे आधीच पोचलेला असतो.

हा धोका नवख्यांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही सदर इसमाचा अभ्यास करत असता त्या काळात सदर इसम तुमचा अभ्यास पूर्ण करून बसलेला असतो. तुम्ही राजेंद्रनगरात खोली घेतली की रामबागेत कळतं. मूळ गाव, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन, बायको इकडे कधी येणार, का येत नाही, या सगळ्याची उत्तरं जमा होतात आणि तुम्हाला कोणी काही विचारल्याचं आठवत मात्र नाही. सदर इसम बाई असेल तर निम्माच वेळ लागतो. ‘वहिनी आल्या की घरी घेऊन या न’ या एका निमंत्रणात सगळी चौकशी उरकते.

यावर उपाय एकच. आपण पूर्वजांचा विषय काढावा. इंदूरचा मराठी माणूस स्वतःबद्दल बोलत नाही, पण पणजोबांबद्दल भरभरून बोलतो. 1818 साली महिदपूरच्या लढाईनंतर मंदसौरचा तह झाला आणि होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्यानंतर इथे आलेल्या प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष दरबारात मोठ्या हुद्द्यावर होता. फडणीस, पोतनीस, खासगीवाले, दफ्तरदार. मी ऐकलेल्या सगळ्या पणजोबांची बेरीज केली तर होळकरांच्या पदरी एकही साधा शिपाई नव्हता, लढाया बहुधा पत्रव्यवहाराने होत असाव्यात. ऐकताना हसू नये. तासाभरात पणजोबांवरून आजोबांवर, आजोबांवरून वडिलांवर गाडी येते, आणि वडिलांच्या आसपास कुठेतरी सदर इसम स्वतः दिसायला लागतो. लता मंगेशकर 1929 साली इथल्या सिख मोहल्ल्यात जन्मल्या, तिथून आमचं घर दोन गल्ल्या, हेही सांगितलं जाईल. शहरातलं प्रत्येक जुनं घर तिथून दोन गल्ल्यांवरच आहे. राहुल द्रविड 1973 साली इथे जन्मला. ती गल्ली विचारायची गरज नाही, तीही तीच असणार.

दुसरा टप्पा : सराफा. इथे संध्याकाळी जायचं नाही. रात्री घरी व्यवस्थित जेवावं, भांडी घासायला टाकावीत आणि साडेदहानंतर निघावं. दिवसभर सोनं-चांदी विकणारी दुकानं शटर ओढतात आणि त्याच ओट्यांसमोर कढया चढतात. रात्री वर्दळ राहिली की दुकानं सुरक्षित राहतात, म्हणून हे सुरू झालं असं सांगतात. कारण काहीही असो, जागा तीच ठेवून धंदा बदलण्याची कला या गल्लीकडून शिकावी. दिवसा काउंटरवर व्हाउचर तपासणारा सदर इसम रात्री याच गल्लीत दुसऱ्या पाळीवर असतो.

इथे तो बोलतो. गराडूच्या कढईसमोर उभा राहून, तळलेल्या तुकड्यांवर लिंबू पिळता पिळता, तो ऑफिसातल्या तीन वाक्यांची सगळी थकबाकी एका रात्रीत फेडतो. भुट्ट्याचा कीस कोणाकडे खायचा, कोणाकडे नुसता बघायचा. जोशींच्या दुकानात दहीवड्याचा द्रोण हवेत कसा उडतो आणि दही कसं सांडत नाही. उपासाच्या दिवशी साबुदाणा खिचडीवर शेव-मिक्स्चर पाहून तुम्ही दचकलात तर तो धर्मशास्त्रही समजावून देतो. माणसाचा स्वभाव मात्र इथे बोलण्यावरून ओळखू नये. रिकामा द्रोण हातात आल्यावर तो काय करतो, ते बघावं. 2017 पासून सलग अनेक वर्षं हे शहर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर म्हणून पहिलं आलं आणि लोक घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करून गाडीत टाकतात. सदर इसम बोलणं अर्ध्यावर सोडून, गर्दीतून वाट काढत, कचरापेटीपर्यंत जातो आणि परत येऊन वाक्य तिथूनच पुढे सुरू करतो. तुमचा द्रोण तुमच्या हातातच राहिलेला त्याने पाहिलेला असतो. तो काही बोलणार नाही. पण नोंद झाली.

पैसे देण्याच्या झटापटीत हरावं. तीन वेळा हात पुढे करावा, चौथ्यांदा मागे घ्यावा. दुसऱ्यांदाच मागे घेतला तर कंजूस ठरता आणि पाचव्यांदा पुढे केला तर परका.

सदर इसमाला नोकरीबाहेर एवढं आयुष्य असावं याचं काहींना नवल वाटतं. या शहराच्या बाबतीत तरी ते वाटू नये. ‘शुक्रतारा’चे गायक अरुण दाते इंदूरचे, 1934 चा जन्म, रसिकाग्रणी रामूभैया दात्यांचे चिरंजीव. ते कापड-तंत्रज्ञानाचे इंजिनिअर होते आणि गाणं घराघरात पोचल्यावरही बरीच वर्षं नोकरी करत होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्याचा विचार करा. कर्नल सी. के. नायडूंना 1923 मध्ये होळकर महाराजांनी बोलावून घेतलं ते सैन्यातला हुद्दा देऊन. कागदोपत्री अधिकारी, प्रत्यक्षात षटकार. होळकरांच्या क्रिकेट संघाने 1945-46 ते 1952-53 या आठ हंगामांत रणजी करंडक चार वेळा जिंकला. त्या लष्करी कचेरीतल्या हजेरीपटावर काय लिहीत असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

आता मुख्य गोष्ट. वरच्या सगळ्या पायऱ्या गाळल्या तरी चालतील, पण अनंत चतुर्दशीची रात्र गाळू नये.

त्या रात्री इंदुरात झांक्या निघतात. ट्रॉल्यांवर उभारलेले हलते देखावे, हजारो दिवे, पुढे लाठ्या फिरवणारे आखाडे, आणि जेल रोडपासून राजवाड्यापर्यंत पहाटेपर्यंत माणसांची भिंत. साधारण शंभर वर्षांची परंपरा. झांक्या कापडगिरण्यांच्या असतात : हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी. नावं ऐकताना गिरण्या चालू आहेत असंच वाटतं. त्या बंद पडल्याला पिढी उलटली. हुकुमचंद मिलचं काम 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थांबलं आणि तिथल्या सुमारे 4,800 कामगारांची देणी, 224 कोटी रुपये, चुकती करण्याची वेळ यायला डिसेंबर 2023 उजाडला. तीस वर्षांवर पगार नाही, भोंगा नाही, हजेरी नाही. झांकी मात्र निघते. वर्गणी गोळा करून, उधारीवर, भांडून, रुसून, पण निघते. ज्या कामासाठी माणसं एकत्र आली ते काम गेलं आणि कामानंतर ती जे करत होती ते उरलं.

सदर इसम या रात्री जेल रोडच्या एका ठरलेल्या ओट्यावर असतो. त्याला शोधायला लागत नाही. तो घरून सतरंजी, पाण्याची बाटली आणि शेव-परमलचा डबा घेऊन आलेला असतो आणि तुमच्यासाठी जागा धरून ठेवलेली असते, तुम्ही येणार असं कोणाला बोलला नसलात तरी. गर्दी कृष्णाकडे बघते. गोवर्धन वर जातो, खाली येतो, लोक टाळ्या वाजवतात. सदर इसम खाली वाकून ट्रॉलीच्या पोटात बघतो. तिथे मोटर आहे, पट्टा आहे, एक लोखंडी दांडा आहे. ‘पट्टा ढिला आहे,’ तो म्हणतो. ‘बघा, वर जाताना हात थरथरतो. बाबा असते तर चालू दिला नसता.’

बाबा मालवा मिलमध्ये फिटर होते. श्रावण-भाद्रपदात दोन महिन्यांचं काम पाच आठवड्यांत बसवायचे, पाळी संपल्यावर. मग ट्रॉलीच्या मागच्या कोपऱ्यात, जनरेटरशेजारी बसलेला एक म्हातारा याला हात करतो. हा गर्दीतून घुसतो, वाकून पाया पडतो. म्हातारा त्याच्या हातात पाना देतो. पुढचा चौक येईपर्यंत तुमच्या ऑफिसातला ‘करून देतो’ चालत्या ट्रॉलीखाली अर्धा आत गेलेला असतो, फक्त चपला दिसतात.

या वेळी फोटो काढू नये. तो लेखा विभागाच्या ग्रुपवर तर मुळीच टाकू नये. सतरंजीवर बसून राहावं आणि डबा सांभाळावा. परमल खाल्ले तरी चालतात.

रंगपंचमीच्या गेरबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे शिकण्यासारखं काही उरत नाही. राजवाड्यासमोर टँकरमधून रंग उडतो, गुलालाचे लोट चार मजले वर जातात आणि दहा मिनिटांत शाखा व्यवस्थापक आणि शिपाई एकाच जांभळ्या रंगाचे होतात. ज्याची ओळख पटवण्यात वर्ष गेलं तो सदर इसम समजून मी एका अनोळखी गृहस्थांना मिठी मारली. त्यांनीही मनापासून परत मारली. जुने कपडे घालावेत, मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा, यापलीकडे सूचना नाही.

शेवटी कार्यालयीन शिष्टाचार. झांकीच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता सदर इसम पुन्हा ‘हो जी’वर येतो. याचं वाईट वाटून घेऊ नये. ‘काल काय मजा आली!’ असं सगळ्यांसमोर म्हणू नये. त्याच्या बोटांच्या पेरांत अजून ग्रीस आहे हे तुम्ही पाहिलंत, त्यानेही तुम्ही पाहिलेलं पाहिलं, एवढं पुरे. आपला अभ्यास कितपत झाला हे तुम्ही ठरवायचं नसतं, तो निकाल सदर इसम लावतो, आणि तो कळवण्याची पद्धत ठरलेली आहे. ‘सानंद’ या संस्थेत पुण्या-मुंबईची मराठी नाटकं येतात आणि प्रत्येक नाटकाचे प्रयोग सभासदांच्या वेगवेगळ्या समूहांसाठी होतात. मामा मुजुमदार, रामूभैया दाते, राहुल बारपुते, वसंत, बहार. जुन्या इंदुरी घरांत माणूस कोणत्या समूहात आहे यावरून त्याची शनिवारची दुपार, त्याचं मित्रमंडळ आणि मध्यंतरातला वडापाव कोणाबरोबर हे सगळं ठरलेलं असतं.

एखाद्या मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं असताना, सदर इसम फाइल घेऊन तुमच्या टेबलाशी येईल. फाइलमध्ये विशेष काही नसेल. तो इकडेतिकडे बघून म्हणेल, ‘आमच्या बहारमध्ये एक सभासदत्व मोकळं होऊन राहिलंय. लावून देऊ का तुमचं नाव?’

यावर ‘घरी विचारून सांगतो’ असं पुणेरी उत्तर देऊ नये.