राजवैद्याच्या लेकीचं पित्त

‘मी कन्नडची’ असं पुण्यात सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, ‘अरे वा, पण मराठी किती छान बोलता!’ आता तालुक्याचं नावच तसं, कुणाकुणाला समजावणार? शिवनाकाठच्या माणसाला गैरसमजाची सवय होते. म्हणूनच मी ठरवलं, जिथे सगळ्यांचाच गैरसमज होतो अशी एक प्रेमकथा लिहायची. दोघी एकमेकींवर जीव टाकतात आणि बघणारे म्हणतात, ‘किती छान मैत्रिणी!’

कथा ऐतिहासिक हवी होती. त्यासाठी घोडा लागतो, तलवार लागते आणि दर चार पानांनी एक गर्जना. माझ्याकडे स्कूटी होती. ती काढून पितळखोऱ्याला गेले.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासूनची ही लेणी. पायऱ्या उतरून दरीत गेलं की समोरच. नायिका तिथेच मिळाली. चौथ्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखात राजवैद्य मगिलाची मुलगी दत्ता हिचं दान कोरलेलं आहे. बापाचं दान आहे, भावाचंही आहे. नवऱ्याचा पत्ता नाही. शेजारी तिसऱ्या लेण्यात, चैत्यगृहाच्या खांबावर, पैठणच्या मितदेव गांधिकाच्या कुळाचं दान. गांधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचे व्यापारी. एवढ्या कुळात एखादी मुलगी असणारच. तिचं नाव मी गंधा ठेवलं. इतिहास इथे संपला. पुढचा सगळा दोष माझा.

गंधा पैठणहून बैलगाडीनं येते, कुपीचं बूच काढते आणि दत्ताला सटासट सात शिंका येतात. पहिल्या भेटीत नायिकेनं लाजायचं असतं, मान्य. पण वैद्याच्या घरची मुलगी लाजत नाही, आधी निदान करते. भूक मंद, झोप नाही, छातीत धडधड, जळजळ. स्वतःची नाडी स्वतःच बघून ती ठरवते : पित्त. पितळखोऱ्यात दुसरं काय होणार! तीन दिवस आवळे चघळते. गंधा समोर आली की पित्त उसळतं, गेली की दुप्पट उसळतं.

आता अद्भुताशिवाय गाडं पुढे सरकेना. पण यक्षही तयारच होता. इथे सापडलेला तो ढेरपोट्या, दात काढून हसणारा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कण्हदास नावाच्या सोनारानं तो घडवला, असं त्याच्या हातावरच कोरलेलं आहे. माझ्या कथेत तो डोक्यावरचं पात्र सावरत म्हणतो, ‘बाई, हे पित्त नाही. मी सोनाराच्या हातचा आहे, खरं-खोटं मला कळतं.’ सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. इथे त्याच्या यक्षानं टोचले. दत्ता उरलेले आवळे दरीत फेकते.

घरी आई मेथी निवडत होती.

‘काय लिहायलीस गं?’

वाचून दाखवलं. शिंकांना ती हसली. शेवटी म्हणाली, ‘छान आहे मैत्रिणींची गोष्ट.’

‘आई, मैत्रिणी नाहीत त्या.’

एक काडी खुडली गेली. दुसरी. तिसरी.

‘मग लग्न करतील का त्या?’

मी सांगितलं, २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं असं प्रेम गुन्ह्यातून बाहेर काढलं. लग्नाचा हक्क मात्र २०२३ साली नाकारला आणि ते काम संसदेचं आहे म्हणाले. दत्ताच्या काळी अर्जच भरायचा नव्हता, म्हणून मी लावून टाकलंय.

‘आणि सासू कुणाची कोण?’

‘सासरच नाही. कधी राजवैद्याकडे राहतात, कधी पैठणला.’

आईचा हात थांबला.

‘म्हणजे दोन्हीकडे माहेरच?’

‘हो.’

तिनं निवडलेली मेथी बाजूला सारली, उरलेली जुडी माझ्या पुढ्यात टाकली आणि म्हणाली, ‘हे आम्हाला कुणी वेळेवर सांगितलं नाही बघ.’