सत्त्याऐंशीचा भागाकार

डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला आगगाडीच्या डब्यांचं प्रेम असू शकतं, हे लोकांना पटत नाही. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ज्याच्या शर्टाचं बटण आणि माणुसकीवरचा विश्वास एकदमच तुटतो, तो संध्याकाळी घरी येऊन काचेच्या कपाटातल्या डब्यांकडे टक लावून बघत बसतो. याला कोणाला तरी दाखवायला हवं, असं आमच्या सोसायटीचं सर्वसाधारण मत आहे. मला यात काहीच विसंगत वाटत नाही. माझ्या कपाटातले डबे रिकामे असतात. खिडकीची जागा मोकळी, दारात कोणी लटकलेलं नाही, पाठीत कोणाचं कोपर नाही. या डब्यांच्या मापाची इवलीशी प्लास्टिकची माणसं त्यांत बसवायला विकत मिळतात. एका मित्राने वाढदिवसाला त्यांचं पाकीट दिलं, ते मी अजून फोडलेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत जागा मिळाली आहे, ती दुसऱ्याला कोण देतो?

हे डबे ‘एचओ’ मापाचे, म्हणजे खऱ्या डब्याच्या प्रत्येक मापाला ८७ ने भागायचं. पेरांबूरच्या कारखान्यातून १९५५ पासून २०१८ पर्यंत बाहेर पडत राहिलेला आपला ओळखीचा आयसीएफ डबा २१.३ मीटर लांब. भागाकार केला की साडेचोवीस सेंटिमीटर. त्याच्या मागून आलेला जर्मन घराण्यातला एलएचबी साडेतेवीस मीटर. कपाटात सत्तावीस सेंटिमीटर. माझा निळा आयसीएफ स्लीपर तळहातावर आडवा धरला तर दोन्ही टोकं हाताबाहेर जातात. खिडक्यांना आडवे गज आहेत, शौचालयाची काच दुधी आहे, संकटकालीन खिडकीला लाल रंग आहे, पोटाखाली बॅटऱ्यांची पेटी आहे. आणि एका टोकाला, मुंगीने लिहावी अशा अक्षरांत, डबा परत वर्कशॉपला कधी पाठवायचा त्याची तारीख आहे. ती वाचण्यासाठी मी खास भिंग आणलं. तारीख उलटून गेलेली आहे.

रुळांपाशी हा भागाकार जरा अडतो. बाजारात तयार मिळणारे रूळ १६.५ मिलिमीटर रुंदीचे असतात, कारण ते युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजवरून काढलेले. आपला ब्रॉडगेज १६७६ चा. त्याला ८७ ने भागलं तर १९.३ यायला हवेत. म्हणजे माझा प्रत्येक भारतीय डबा बिचारा अंग चोरून उभा आहे. डोंबिवलीकराला त्याचं काही विशेष वाटत नाही. भागाकार खरा अडतो तो किमतीपाशी, कारण तिला ८७ ने भागायची सोयच नाही. एका चांगल्या डब्याच्या पैशात खऱ्या डब्यात बसून सहकुटुंब कोकणात जाऊन येता येतं. हा हिशेब माझा नाही, घरचा आहे.

या व्यसनाचा मूळपुरुष जर्मनीत सापडतो. ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीने १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली. खेळातल्या गाड्या त्याआधीही होत्या. यांनी रुळांची मापं ठरवून टाकली. मग आज गाडी घ्या, पुढच्या नाताळला दोन डबे, त्याच्या पुढच्या नाताळला एक सांधा. बाहुलीच्या भातुकलीचा धंदा त्यांचा आधीपासूनच होता, त्यामुळे गिऱ्हाईक एकदा घरात शिरलं की त्याला जन्मभर भांडी विकता येतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सव्वाशे वर्षांनी त्या गळाला ठाणे जिल्ह्यातला एक कारकून लागला.

‘खेळणी’ हा शब्द मी घरात चालू देत नाही. ही स्केल मॉडेलं आहेत. भारत सरकारचं मत वेगळं आहे. आयातशुल्काच्या तक्त्यात बाहुल्या, तीनचाकी सायकली आणि माझ्या वाघिणी एकाच रकान्यात बसवलेल्या आहेत. त्या रकान्याचा दर २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० वर गेला आणि २०२३ मध्ये ७० वर. घरी मी सांगितलं की दर वाढत चाललेत म्हणून आत्ताच घेऊन ठेवलेलं बरं. सोन्याच्या बाबतीत हेच वाक्य बायकोने उच्चारलं होतं तेव्हा मी गप्प बसलो होतो, याची तिने तिथल्या तिथे आठवण करून दिली.

माझ्या व्यसनाची सुरुवात मात्र पुण्यात झाली. मुलगा लहान असताना त्याला कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय दाखवायला नेलं. भाऊसाहेब जोशींनी आपला जन्माचा छंद १९९८ मध्ये लोकांसाठी खुला केला. दिवे मालवले, गाड्या धावू लागल्या, आणि खेळ संपल्यावर मुलगा म्हणाला, “भूक लागली.” मी म्हणालो, “अजून एकदा बघू.” त्याच्या नावाने मी एक प्राथमिक संच घेतला: गोल रूळ, टुकार तीन डबे आणि हातभर आवाज करणारं वीतभर शंटिंग इंजिन. मुलाचा रस लवकर आटला. माझा डब्यांकडे वळला. इंजिनं महाग असतात. डबा त्या मानाने स्वस्त, आणि त्याला मोटर नसल्यामुळे तो बिघडतही नाही. नवराही असाच असावा, असं बायको म्हणते. दर्शनी भागासाठी एक डब्ल्यूएपी-सात इंजिन घेतलं तेही बिनमोटरचं. खरं इंजिन सहा हजारांवर अश्वशक्तीचं, आमचं शून्य.

रेल्वे आणि संग्राहक यांच्यात एक मूलभूत फरक आहे. कोळसा न्यायला रेल्वेला एकसारख्या ५८-५९ बॉक्सएन वाघिणी लागतात, मला एक पुरते. दुसरी घेतली तर ती डुप्लिकेट. त्यामुळे माझ्याकडे एक बॉक्सएन, एक बंद बीसीएन, पेट्रोलची एक बीटीपीएन, एक निळा स्लीपर, एक एलएचबी चेअर कार, सेकंडहँड मिळालेली एक लालभडक स्विस डायनिंग कार आणि एक ब्रेकव्हॅन आहे. एकाही गाडीचा पूर्ण रेक नाही. हवा असता तरी वीस एलएचबी डबे जोडले की ५.४ मीटर होतात, आणि आमचा हॉल दारापासून बाल्कनीच्या जाळीपर्यंत त्याहून आखूड आहे. प्रत्येक डब्याचा मूळ खोकाही मी जपून ठेवला आहे, कारण खोका गेला की डब्याची किंमत पडते. तीन खोक्यांत सध्या पणत्या आहेत. आत हात घालून बघण्याची मला परवानगी नाही.

सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणजे काहीच चालत नव्हतं. गणपतीच्या आधी मेहुणा आला आणि कपाटाकडे बघून म्हणाला, “भाऊजी, एवढे डबे नुसते उभे कशाला? यंदा बाप्पापुढे खंडाळ्याचा घाट करू. गाडी फिरती ठेवू.” बायकोचे डोळे लकाकले. त्या कपाटाचा घराला काही उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. डबे हलले की त्यांची चाकं झिजतात, असं मी म्हणून पाहिलं. कोणी ऐकलं नाही.

खंडाळ्याचा हा बोरघाट रेल्वेसाठी १८६३ मध्ये सुरू झाला. चढ ३७ ला १, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आमच्याकडे सहा बाय चार फुटांचा प्लाय आणि त्याच्या मधोमध गणपती. खालच्या रुळावरून गाडी जाऊन वरून दुसरा रूळ न्यायचा तर साडेसात सेंटिमीटर उंची हवी, आणि ३७ ला १ या हिशेबाने ती चढायला पावणेतीन मीटरची वाट हवी. तेवढी वाट फक्त बाप्पाच्या आरपार जात होती. तेव्हा चढ १५ ला १ वर आणला. मेहुणा म्हणाला, “भाऊजी, हा घाट नाही, हा जिना आहे.” वळणांचीही तीच गत. आपल्या ब्रॉडगेजवर वळणाची त्रिज्या १७५ मीटरच्या खाली आणत नाहीत. ८७ ने भागली तरी दोन मीटर. आमच्या रुळांची ४४ सेंटिमीटर. खऱ्या रेल्वेने असं वळण घेतलं तर ड्रायव्हर गार्डशी हस्तांदोलन करून पुढे जाईल. थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी, म्हणून डोंगर वर्तमानपत्राच्या लगद्याचा केला. वाळल्यावर कड्यावर एका पुढाऱ्याचा अर्धा चेहरा दिसू लागला, त्यावर गवत चिकटवलं.

तपासणीला शेजारचे काका आले. काका रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेत. २०२२ मध्ये रेल्वेने गार्डचा ‘ट्रेन मॅनेजर’ केला. तो आपण घरी बसल्यावर केला, याचा काकांना अजून राग आहे. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

“ही कुठली गाडी रे?”

“काका, संग्रह आहे.”

“पेट्रोलच्या टाकीला लागून स्लीपर? माणसं जाळायचीत का?”

“माणसं नाहीयेत काका. पाकीट फोडलेलंच नाही.”

काकांनी टाकी मागे टाकायला लावली. ब्रेकव्हॅनच्या पाठीवर ‘एलव्ही’ची पाटी नव्हती. ती असेल तरच मागे काही सुटून राहिलेलं नाही, हे पुढच्या स्टेशनला कळतं. काकांनी नखाएवढ्या कार्डाची पाटी स्वतः कापून चिकटवली आणि मगच गाडी पास केली.

जोडणीचा प्रश्न उरला. युरोपच्या डब्यांना आकडा आणि कडी, आपल्याकडच्या काहींना मुठीसारखं कपलर, एकमेकांत अडकेनात. काका म्हणाले, खऱ्या रेल्वेतही आयसीएफला स्क्रू कपलिंग आणि एलएचबीला वेगळं, थेट जोड बसत नाही. एवढ्या मोठ्या संस्थेची अडचण आपल्याही घरात आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. बॉक्सएन आणि स्लीपरच्या मध्ये मी बायकोची साडीची पिन वाकवून लावली.

रंगीत तालमीत हलके डबे वळणावर आतल्या बाजूला कलंडू लागले. यावर अमेरिकेतल्या एनएमआरए या हौशी संघटनेचा नियम आहे: एचओ डब्याचं वजन एक औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. स्लीपरला हिशेबाने दीडशे ग्रॅमच्या वर भरायला हवं होतं. सगळ्या डब्यांत रुपयाची नाणी चिकटवली. डबे पडायचे थांबले आणि इंजिन चढायचं थांबलं. शंटिंग इंजिनापुढे शोभेचं डब्ल्यूएपी-सात लावलेलं, मागे ढीगभर चिल्लर, आणि चढ जिन्याचा. खऱ्या घाटात कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्यापर्यंत ढकलत नेतात. आमचा बँकर मेहुणा होता. पडद्यामागे बसून त्याने काठीने ढकलायचं ठरलं.

दीड दिवसाचा गणपती. पहिल्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं. आरती सुरू झाली, मी बटण फिरवलं. इंजिन घुरघुरलं, मेहुण्याने काठी लावली आणि गाडी घाट चढू लागली. बॉक्सएनमध्ये कोळसा म्हणून मी काळे तीळ भरले होते. पाहुण्यांच्या टाळ्यांचा ताल चुकला, इतकी ती गाडी देखणी दिसत होती. तेवढ्यात कोणीतरी प्रसादाच्या पेढ्यांसाठी हाक मारली आणि बँकर काठी ठेवून उठला.

साडीची पिन सरळ झाली. इंजिन आणि स्लीपर वर राहिले. बॉक्सएन, बीसीएन, टाकी आणि एलव्हीची पाटी लावलेली ब्रेकव्हॅन उलट्या दिशेने घाट उतरू लागली. उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवायला खऱ्या घाटात कॅच सायडिंग असते. आमच्याकडे त्या जागी नैवेद्याचं ताट होतं. वळणावर बॉक्सएनने रूळ सोडले आणि सगळा कोळसा उकडीच्या मोदकांवर रिता केला. पेट्रोलची टाकी पंचामृताच्या वाटीत उभी राहिली. आरती कोणी थांबवली नाही, आवाज मात्र अर्धे झाले.

“एअर ब्रेक कुठे गेले?” काका टाळ्या वाजवता वाजवता ओरडले. “बॉक्सएनमधला ‘एन’ कशाला आहे मग? गाडी तुटली की पाइपातली हवा जाते, ब्रेक आपोआप लागतो!” त्यांच्या आयुष्यात त्यांची ब्रेकव्हॅन अशी कधी पळाली नव्हती, त्यामुळे हा अपघात त्यांनी मनाला लावून घेतला. एक आजी मात्र जाताना म्हणाल्या, तिळाचे मोदक पहिल्यांदाच खाल्ले, चव वेगळी आहे.

रात्री काकांनी जॉइंट नोट लिहायला बसवलं. रेल्वेत अपघात झाला की जागेवरचे सुपरवायझर ती मिळून लिहितात. कारण एक: कपलिंग सदोष. कारण दोन: बँकर ड्यूटी सोडून पेढे खायला गेला. मेहुण्याने सही करायला नकार दिला आणि ‘असहमत’ असा शेरा मारला. टाकीच्या चाकांतून मध काढण्यासाठी मी कानातल्या कापसाच्या काड्या आणि कोमट पाणी घेऊन बसलो होतो. पहिलाच विचार मनात आला तो असा की आपल्याकडे एकही बँकर इंजिन नाही. तो मी चुकून मोठ्याने बोललो.

बायको मोदकांवरचे तीळ वेचत होती. ती म्हणाली, “बँकर कशाला? त्यापेक्षा डबे उचलायची ती मोठी क्रेनच घ्या ना एक. दरवर्षी लागणारच आहे.”

काका ताठ बसले. अपघात मदत गाडीची १४० टनी क्रेन त्यांनी घाटात काम करताना पाहिलेली आहे. माझ्याकडे बघून ते हळूच म्हणाले, “तोंडी मंजुरी झाली. तारीख-वेळ लिहून ठेव.” मी जॉइंट नोटच्या खालीच लिहिली, साक्षीदार म्हणून काकांची सही घेतली. क्रेन मागवली आहे. तिचा खोका बराच मोठा असतो म्हणे. त्यात पुढच्या दिवाळीचा आकाशकंदील आरामात मावेल, असं मी घरी सांगून ठेवलंय.