झोपाळ्याचं उजवं टोक

गणपतीपुळ्याचा बेत ठरला तेव्हा श्टुटगार्ट कुठेच नव्हतं. भाऊबीज झाली की शनिवारी पहाटे ठाण्याहून निघायचं, अर्टिगात सात माणसं कोंबायची, निवळी फाट्याला वळायचं आणि मालगुंडला एका काकूंच्या घरी तीन रात्री राहायचं, एवढंच. शुक्रवारी संध्याकाळी तिथल्या कंपनीची मेल आली: सोमवारी दुपारी २ वाजता, त्यांच्या वेळेनुसार, मुलाखत. तारीख बदलून मागायची मला भीड वाटली. सहल रद्द करावी, तर आत्यांनी चकल्यांचा डबा गाडीत ठेवून झाला होता. चकल्या गाडीत गेल्यावर सहल रद्द होत नाही.

कुणाला सांगायचं नाही असं मी आणि नवऱ्याने ठरवलं होतं. ते गुपित चिपळूण यायच्या आतच फुटलं. महामार्गाच्या कामाने सगळ्यांना जागं ठेवलेलं, आणि जाग्या माणसांना विषय लागतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, भूगोलाचे निवृत्त शिक्षक. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, असं त्यांनी लगेच सांगितलं.

“म्हणजे नात्यातलेच की,” आई म्हणाल्या. तिथून पुढे मुलाखत माझी एकटीची राहिली नाही.

रविवारी पुळ्याला दर्शन झालं. तिथे टेकडीच देवाचं रूप, त्यामुळे प्रदक्षिणा अख्ख्या टेकडीला, सुमारे एक किलोमीटर. हा गणपती पश्चिमेकडे तोंड करून बसलेला आहे, तेव्हा तुझं काम त्याच्या नजरेसमोरच आहे, असं आईंनी मला चालता चालता समजावलं. “इथून सरळ पश्चिमेला ओमानातलं सलाला लागतं,” मागून बाबा. आईंनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. देवाला थोडं उजवीकडे बघता येत नाही की काय!

काकूंच्या घरी रेंज फक्त पडवीतल्या झोपाळ्याच्या उजव्या टोकाला यायची. डाव्या टोकाला बसलात तर समोरचा माणूस गोठायचा. मध्ये बसलात तर त्याचा नुसता आवाज यायचा. तेव्हा मुलाखत झोपाळ्यावर बसूनच द्यायची होती. समोर स्टुलावर पाट, पाटावर लॅपटॉप, आणि झोपाळा हलू नये म्हणून दोन्ही पाय जमिनीत रोवलेले. आपण जर्मनीपेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे संध्याकाळचे साडेपाच. मी हिशोब केला, बाबांनी तपासला. पाच वाजता सगळ्यांना सूर्यास्त बघायला समुद्रावर पिटाळलं. अंधार पडेपर्यंत परत यायचं नाही, ही सूचना नवऱ्याला दोनदा दिली.

साडेपाच झाले. पावणेसहा झाले. पडद्यावर मी एकटीच, मान ताठ, मागे पोफळी. फोनवरच्या कॅलेंडरात मुलाखत साडेसहाला दिसत होती. दोन दिवस ते कॅलेंडर चुकलंय असं मी धरून चालले होते. चुकलो होतो आम्ही दोघं. आदल्या दिवशी पहाटे जर्मनीने घड्याळं तासभर मागे घेतली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते दरवर्षी घेतात. साडेतीनाचे साडेचार तास झाले होते.

तर एक अख्खा तास मिळाला. सात माणसांच्या सहलीत एकटीला एक तास! मी पाय सैल सोडले, दोन झोके घेतले आणि उगीच जर्मन व्हिसाचे नियम वाचत बसले. त्यात एक नवीन गोष्ट कळली. १ मार्च २०२४पासून पुढे ज्या कुशल नोकरदारांना पहिल्यांदा परवाना मिळाला, त्यांना आपले आईवडील तिकडे नेता येतात. नवरा तिथेच राहत असेल तर सासू-सासरेसुद्धा. खर्च आणि आरोग्यविमा आपण पेलायचा. मी ते दोनदा वाचलं, पान बंद केलं आणि कुणी बघत नाही ना, ते पाहिलं.

साडेसहाला बाई पडद्यावर आल्या आणि त्याच मिनिटाला फाटक वाजलं. अंधार पडला होता. नवऱ्याने सूचना तंतोतंत पाळली होती.

बाईंचा पहिलाच प्रश्न असा की, परस्परविरोधी मागण्या असलेली माणसं मी एकत्र कशी सांभाळते. मी ऑफिसातलं एक गुळगुळीत उदाहरण दिलं. पाठीमागून सहा माणसं ओळीने, श्वास रोखून, चपला हातात घेऊन आत जात होती. सात माणसं आणि एक न्हाणीघर हे खरं उदाहरण होतं, पण तेवढं धैर्य झालं नाही.

मग वीज गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, रेंजही टिकली, फक्त मी दिसेनाशी झाले. बाई “हॅलो, हॅलो” करत असताना आई आतून निरांजन घेऊन आल्या आणि माझा चेहरा उजळेल अशा बेताने पाटावर ठेवून गेल्या. दिवा दिसल्यावर आतून माझ्या मुलाने सवयीने शुभंकरोती सुरू केली. आत्यांनी त्याला गप्प करायचं सोडून सूर धरला.

“आज वाढदिवस आहे का?” बाईंनी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, “संध्याकाळ आहे.”

बाई हसल्या. त्यांच्या खांद्यामागून एक सोनेरी केसांचं डोकं वर आलं. तिकडे शाळांना शरदाची सुट्टी होती आणि त्या लेकीला दिवा बघायचा होता. मी पाय थोडे उचलले, त्यामुळे दिवा, पाट, पोफळी सगळं तिला हलताना दिसलं. तिला फार आवडलं. तिच्या आईचं मत दोन आठवड्यांत कळणार होतं.

रात्री जेवणं झाल्यावर आई माझ्याशेजारी, झोपाळ्याच्या डाव्या टोकाला येऊन बसल्या. मुलाखतीचं काही विचारलं नाही. बराच वेळ पायाने हळूहळू झोका देत राहिल्या.

“अगं, तिकडे थंडी फार असेल ना?”

“हो आई. बर्फ पडतो.”

“मग माझी ती पातळ शाल काही कामाची नाही.”